गाडी चार बोटं खाली

आमच्या घरात त्या काळी सगळेच दमलेले असत. बाबा ऑफिसातून दमून येत आणि दमलेल्या आवाजातच चहा मागत. आई कुठेही न जाता दमे, कारण काचीगुड्याच्या आमच्या तीन खोल्यांत स्वयंपाकघर ते मोरी एवढाच तिचा प्रवास उरला होता. दारातली गाडीसुद्धा सकाळी खोकून खोकून मगच सुरू होई. घराच्या मागे स्टेशन. इंजिनं दिवसभर रिकामे डबे पुढे ढकलत, मागे ओढत, आणि डबे एकमेकांना धडकले की आमच्या मांडणीवरची पातेली किणकिणत. त्या डब्यांचीही मला कीव येई. एवढा खडखडाट करायचा आणि जायचं कुठेच नाही. घरात न दमलेली मी एकटीच. पुढचं सगळं त्यामुळेच घडलं. दमलेल्या घरात एकच माणूस ताजंतवानं असलं की बाकीच्यांनी जरा सांभाळून राहावं, हे मी आता स्वानुभवाने सांगते.

गाडी बाबांची, पण चालवत असे मी. तेव्हा हैदराबादच्या रस्त्यांवर मुख्यतः दोन जातींच्या गाड्या दिसत: एक गोलमटोल, सरकारी, दुसरी चौकोनी, मध्यमवर्गीय. आमची दुसरी, राखी रंगाची. ऑफिसातल्या सगळ्यांनी घेतली म्हणून बाबांनी घेतली, आणि पहिल्याच महिन्यात सुलतान बाजारात एका केळीवाल्याच्या हातगाडीवर ती अलगद नेऊन टेकवली. केळी फारशी सांडली नाहीत, पण बाबांचा धीर सांडला. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली आणि त्यानंतर ते मागे बसून खिडकीवरचा पट्टा दोन्ही हातांनी धरत. मी एका खाजगी शाळेत मुलांना विज्ञान शिकवत होते. आपल्याला सगळं कळतं हा माझा समज त्यामुळे पगारी होता. केस मागे घट्ट बांधायचे, ओढणीला गाठ मारायची आणि हॉर्न जरुरीपेक्षा जास्त वाजवायचा, अशी ती मी. आज ती मुलगी समोर आली तर मी तिला आधी पाणी देईन आणि मग पाच मिनिटं गप्प बसायला सांगेन.

आईच्या गुडघ्यांना संधिवाताने धरलं त्याला तोवर काही वर्षं झाली होती. पन्नाशीतली बाई, बुटकी, अंगाने भरलेली, जिभेने तिखट. घरात ती भिंत, ओटा, पलंगाची कड असं धरत धरत सगळं करे. खट्टी दाळ आणि ज्वारीची भाकरी तर तिच्या हातचीच हवी असे बाबांना. भाकरी ती स्टुलावर बसून थापायची आणि तव्यावर टाकायला मला हाक मारायची. पण बाहेर जायचं म्हटलं की गाडीत शिरणं हा सोहळा होई. बाबा आत बसून तिचे हात ओढत, मी बाहेरून ढकलत असे, आणि एकदा हे दृश्य बघून समोरच्या पानाच्या दुकानावरचे दोघे मदतीला धावून आले. परक्या पुरुषांनी हात लावायच्या आत आई कशी कोण जाणे, पण एका झटक्यात आत गेली. ती तिची शेवटची फेरी. त्यानंतर कुठेही चल म्हटलं की म्हणे, “मला नको. तुम्ही जाऊन या.” रिक्षात पाय उचलून घ्यायचा प्रश्न आणखी मोठा. तेव्हा ती घरीच राहू लागली.

तिला इतर कशाचं वाईट वाटत होतं का, मला ठाऊक नाही. हळदीकुंकवाचं मात्र वाटत होतं. आता पुण्या-मुंबईच्या वाचकांना यात काय एवढं, असं वाटेल. पण आमच्याकडच्या मराठी बायका गावभर विखुरलेल्या. शेजारी तेलुगू, दुधवाला उर्दू, भाजीवाली दोन्ही. वर्षभर आपलं बोलणं आपल्याच घरात पुरवून वापरायचं, आणि संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत घरोघर जाऊन ते सढळ हाताने उधळायचं. कुणाची मुलगी कुठे दिली, कुणाची सून कशी निघाली, गूळपोळी कुणाची फुटली, हे सगळं त्या दिवसांत. आदल्या वर्षी आई कुठेच गेली नव्हती. हिमायतनगरच्या इंदूमावशीने, म्हणजे आईच्या लहानपणच्या मैत्रिणीने, वाणाची प्लॅस्टिकची डबी घरी पाठवून दिली होती. आईने ती फळीवर ठेवली आणि तिच्यात कधी काही भरलं नाही. मी ते बघितलं होतं. आणि मी ठरवलं होतं की या संक्रांतीला आई इंदूमावशीकडे जाणार, स्वतःच्या पायाने, माझ्या गाडीतून.

उपाय मला आबिड्सच्या फुटपाथवर सापडला. रविवारी तिथे दुकानं बंद असत आणि त्यांच्या पायऱ्यांपुढे जुन्या पुस्तकांचे ढीग पसरलेले असत. देश उघडला, असं वर्तमानपत्रं त्या वर्षांत रोज सांगत होती. आमच्यापुरता तो असा उघडला की जुन्या पुस्तकांच्या ढिगात परदेशी मोटारींची मासिकं दिसू लागली, गुळगुळीत कागदाची. त्यातल्या एकात जमिनीला जवळजवळ पोट टेकलेल्या गाडीचं चित्र होतं, आणि गाडी खाली बसवताना चांगले भाग कसे निवडावेत यावर लांबलचक लेख. मी तो उभ्याने वाचला. डोक्यात प्रकाश पडला तो असा: आईला गाडीत चढता येत नाही, कारण गाडी उंच आहे. गाडी खाली आणली की चढावंच लागणार नाही. इतकं साधं, आणि इतकी वर्षं कुणाला सुचलं नाही! आता हसू नका. मलाही तेव्हा कुणी हसलं नाही, हीच तर अडचण होती. बाबा म्हणाले, तुला योग्य वाटेल ते कर. दमलेली माणसं असंच म्हणतात. आईला मी विचारलंच नाही, कारण तिला चकित करायचं होतं.

चौकातल्या गॅरेजचे गफूरभाई हे आमच्या गाडीचे कुटुंबवैद्य. गाल पानाने फुगलेला, मत प्रत्येक गोष्टीवर. मला बेटी म्हणत आणि माझं काहीही ऐकत नसत. गाडी चार बोटं खाली बसवायची आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला, कारण आमच्या चौकात असं मजेचं काम कोण आणणार? त्यांनी लगेच तोडगा सांगितला: पुढच्या दोन्ही स्प्रिंगा गॅसने कापून टाकायच्या, चहा थंड व्हायच्या आत काम होतं. मागे कमानपट्टे होते, म्हणजे पोलादाच्या पट्ट्या एकावर एक बांधलेल्या. तिथे पट्टे आणि धुरा यांच्यामध्ये ठोकळे घालायचे, तर ते सागवानी लाकडाचे घालू म्हणाले, घरच्या दारासारखे टिकतील. मी हादरले. मासिकात स्वच्छ लिहिलं होतं की गॅसने तापवलेल्या पोलादाचं बळ जातं आणि कापलेली स्प्रिंग आपल्या जागी नीट बसत नाही. मी त्यांना वर्गातल्या मुलांना सांगावा तसा धातूचा ताण समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं, पिंक टाकली आणि म्हणाले, “टेन्शन स्प्रिंग को नै रहता बेटी, मालिक को रहता.”

मी हट्टाला पेटले. माझी आई बसणार त्या गाडीत कापलेली स्प्रिंग नको आणि लाकूडही नको. सगळं उत्तम प्रतीचं पाहिजे. शाळा सुटली की मी स्पेअर पार्टांच्या गल्लीत जाऊ लागले. ती गल्ली म्हणजे काळ्या तेलाचा वास, शटरांचा खडखडाट आणि इराणी चहाच्या बशा. बाई म्हणून मी एकटीच. ज्या दुकानात मी सर्वांत जास्त वेळ घातला तिथला शेट काचेच्या कपाटामागे बसून असे, आणि त्याच्याकडे त्या वर्षी सगळंच एकाएकी फॉरेन झालं होतं. खरं फॉरेन, फॉरेनसारखं लोकल आणि फॉरेनच्या खोक्यातलं लोकल अशी त्याची वर्गवारी होती. तो एक एक स्प्रिंग काढून काचेवर ठेवी आणि मी ती पारखत बसे. आई भेंडी घेताना प्रत्येक शेंडा मोडून बघते ना, तशीच. जोडीतल्या दोन स्प्रिंगा शेजारी शेजारी उभ्या करायच्या. एक जरी बोटभर बुटकी निघाली तरी गाडी एका अंगाला लंगडणार. मग तारेची जाडी वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, ते बोटांत धरून बघायचं. शेवटचा वेढा सपाट घासलेला हवा, नाहीतर ती तिरकी बसते आणि वळणावर कुरकुरते. आणि रंग फार दाट असेल तर रंगाखाली काय आहे, ते विचारायचं. एका चकचकीत निळ्या स्प्रिंगेचा रंग मी गाडीच्या किल्लीने खरवडला, तर खालून जुना लाल गंज निघाला. शेट जराही ओशाळला नाही. म्हणाला, “जंग भी फॉरेन का है, अम्मा.”

शॉकअब्सॉर्बरांचं तर विचारूच नका. नवी स्प्रिंग आखूड आणि ताठ, तर तिच्या जोडीचा शॉकही तसाच हवा, नाहीतर गाडी प्रत्येक खड्ड्यानंतर चेंडूसारखी उडत राहते, एवढं मी त्या लेखातून शिकले होते. तेव्हा मी एक एक नळकांडं जमिनीवर उभं करून दोन्ही हातांनी, अंगाचा सगळा भार टाकून दाबत असे. चांगला असेल तो सावकाश, मनाविरुद्ध खाली जातो आणि तितकाच सावकाश वर येतो. वाईट असेल तो भसकन बसतो. एकाच्या मानेशी तेल पाझरत होतं. शेट म्हणाला, नवीन आहे म्हणून ओला आहे, न्हाऊन आलाय. मी दिवसेंदिवस तिथे दाबत, खरवडत, वास घेत बसले; रबरी बुशांचासुद्धा वास घेतला, जुन्या रबराला वेगळा वास येतो. शेवटी घेतल्या त्या स्प्रिंगा दक्षिणेकडच्या कुठल्याशा लहान कारखान्यातल्या, साध्या तपकिरी कागदात गुंडाळलेल्या, ज्यांच्यावर फॉरेन हा शब्द कुणी लिहिलाच नव्हता. मागचे ठोकळे लेथवाल्याकडून लोखंडाचे करून घेतले. गफूरभाईंनी ते हातात तोलून पाहिले आणि एवढंच म्हणाले की सागवानाचे जास्त शोभले असते.

हे सगळं चालू असताना मी घरी जेवायला बसले की आई माझ्या नखांकडे बघे. नखांत काळं तेल. “शाळेत काय शिकवतेस तू हल्ली?” ती विचारी. मी म्हणे, प्रयोग चालू आहेत. ती पानात दाळ वाढी आणि माझ्याकडे बघत राही. तिला काहीतरी कळलं होतं, नक्की काय ते कळलं नव्हतं. संक्रांत जवळ येत होती आणि तीळ निवडायला बसलेली आई कधी कधी निवडता निवडता थांबून नुसतीच खिडकीबाहेर बघे. मला वाटे, थांब, थोडेच दिवस.

गाडी गॅरेजातून बाहेर आली तेव्हा गल्लीतली माणसं थांबून बघू लागली. खरंच देखणी दिसत होती. बाबा आत बसले, खाली बघून म्हणाले, “रस्ता फार जवळ आला गं, नंदे.” तेवढंच. पण चालवून बघितली तेव्हा मला रडू येईल असं वाटलं: काही डुलणं नाही, कुठे कुरकुर नाही, नारायणगुड्याच्या खड्ड्यातून गेली तर एकदाच दबली आणि स्थिर झाली. काम अप्रतिम झालं होतं. त्या प्रकरणातलं दुःख हेच आहे. भाग खराब निघाले असते तर मी शेटवर ढकललं असतं, गफूरभाईंवर ढकललं असतं. पण सगळं जसं असायला हवं तसंच होतं.

हळदीकुंकवाच्या दिवशी मी आईला हाताला धरून दारापर्यंत आणलं. तिने जांभळी नारायणपेठी नेसली होती, अंबाड्यावर गजरा. गाडी बघून ती थबकली. हिला काय झालं, म्हणाली, बसली का? मी सांगितलं, तुझ्यासाठी बसवली. तिने दाराची चौकट धरली, पाठ वळवली, आणि धप्पकन आत गेली. ना ओढणं, ना ढकलणं. पाय मी उचलून आत ठेवले. पानाच्या दुकानावरचे नुसते बघत राहिले, त्यांना काही कामच उरलं नव्हतं. आईने पदर सारखा केला आणि खिडकीतून बाहेर बघत हसली. वर्षभरात तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. काचीगुडा ते हिमायतनगर ती सारखी बोलत होती. हे दुकान कधी झालं, तो पिंपळ कुठे गेला, अमुकच्या घराला गुलाबी रंग कुणी दिला. मी आरशात स्वतःकडे बघून घेतलं. अहो, मी इतकी खूश होते स्वतःवर की सिग्नल मोडला.

इंदूमावशीची गल्ली अरुंद आणि घरांपुढच्या फरशा उंच. गाडी फरशीला लावली, दार उघडलं, तर खाली आलेल्या दाराची कड फरशीला अडली. म्हणून गल्लीच्या मधोमध उभी केली. आईने चौकट धरली, पुढे झुकली, आणि तशीच राहिली. पुन्हा झुकली. तिचे गुडघे तिच्या कमरेच्या वर आलेले होते. विज्ञानाच्या बाईंना तेव्हा कळलं की माणूस बसताना स्वतःच्या वजनाने खाली जातं, उठताना मात्र तेच वजन गुडघ्यांनी वर न्यायचं असतं, आणि बैठक जितकी खाली तितकं ते अशक्य. मी एक हात धरला. तिचा चेहरा दुखण्याने पांढरा पडला. मी सोडला.

बायका बाहेर आल्या. आधी दोघी, मग घरातल्या सगळ्या. इंदूमावशी उंच, थोराड, आवाज चौकापर्यंत जाणारा. तिला परिस्थिती समजायला एक क्षण लागला आणि तिने जागच्या जागी निर्णय घेतला: ही उतरत नाही ना, मग आपण इथेच करू. तबक आलं, अत्तरदाणी आली, गुलाबदाणी आली. एक एक बाई गाडीच्या दारात कमरेत वाकून आईला हळदीकुंकू लावू लागली. मागे रिक्षा अडकली, रिक्षावाल्याने हॉर्न दाबला, तर इंदूमावशी त्याला म्हणाली, “ठैरो मियाँ, पूजा चल री.” तो इंजिन बंद करून बघत बसला. वरच्या गच्च्यांवरून माणसं बघत होती. कुणीतरी आईला नाव घ्यायला सांगितलं. आईने घेतलं. सगळ्या हसल्या, आईही हसली. ते हसू मी ओळखत होते. बाबांचे साहेब घरी जेवायला आले की ती तसं हसायची. मांडीवर तिळगूळ, वाणाची नवी डबी, ओंजळभर हरभरे. ती त्या गाडीत खाली, आणि सगळं गाव तिच्यावर वाकलेलं.

परतताना ती मांडीवरची डबी घट्ट धरून बसली. नारायणगुड्याचा चौक आला आणि गेला. मग रस्त्याकडे बघतच म्हणाली, “माझं प्रदर्शन मांडलंस.”

मी गाडी चालवत राहिले. घरी उतरवताना काय झालं ते मला फार लिहायचं नाही. बाबांनी पुढून, मी मागून, कशानेच जमेना, शेवटी गाडीच्या दाराशी पोतं अंथरलं आणि आई त्यावर हातापायांवर उतरली, नारायणपेठीसकट, आणि घरापुढच्या पायरीपर्यंत तशीच गेली. बाबा तेवढा वेळ स्टेशनच्या दिशेने बघत उभे होते. आत गेल्यावर तिने गजरा काढून ठेवला आणि मला म्हणाली की आता मला कुठे न्यायचं नाही. रागावून म्हणाली असती तर मी भांडले असते. ती फक्त दमली होती.

माझी मुलगी परवा मला तिच्या नव्या गाडीतून माधापूरला घेऊन गेली. हल्लीच्या गाड्या पुन्हा उंच झाल्यात. आत जायचं म्हणजे खुर्चीवर चढून माळ्यावरचं काहीतरी काढण्यासारखं. “आई, चढ ना,” ती म्हणाली, फोनमध्ये बघत. मी दाराचा दांडा धरून उभी राहिले आणि माझे गुडघे मला थेट माझ्या आईच्या आवाजात काहीतरी बोलले. मुलगी मराठी अक्षर अक्षर जोडून वाचते, तेव्हा हे प्रकरण वाचायला तिला बराच काळ लागेल. तोवर गाडीत चढताना मी मनात काय म्हणते, ते माझं मला ठाऊक.

तर त्या हळदीकुंकवानंतर चार दिवसांनी इंदूमावशी रिक्षा करून स्वतः आमच्याकडे आली. आईने तिला चहा दिला आणि सांगितलं की यंदाचं झालं माझं, तू मला हळदीकुंकू दिलंस. इंदूमावशी म्हणाली, छे, ते धरत नाही. तू माझ्या घरी आलीसच नाहीस, तू गल्लीत आलीस. रथसप्तमीपर्यंत मुदत आहे. उंबरा ओलांडून ये, नाहीतर मी तुझ्या घरचा तिळगूळ घेणार नाही. आई म्हणाली, मला जमत नाही, इंदू. इंदूमावशीने माझ्याकडे बघितलं. ती गेल्यावर मी आईपुढे जाऊन उभी राहिले आणि त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा तिला विचारलं की तुला नक्की कुठे अडतं?

तिला आधी कंटाळा आला. मग तिने दाखवलं. बैठकीतल्या सोफ्यावर ती बसतच नसे, कारण त्यातून उठता येत नाही. जेवणाच्या खुर्चीतून टेबल धरून उठते. पलंगावरून मात्र ती रोज सकाळी एकटी उठते, कुणाला हाक न मारता. आधी कड धरून सरकते, मग पाय जमिनीवर रोवते, मग वर. तिने ते करून दाखवलं आणि मी शिवणाच्या डब्यातली टेप काढून पलंगाची उंची मोजली. ती माझ्याकडे बघत होती. “गाडी मोजलीस, स्प्रिंगा मोजल्यास,” ती म्हणाली. “माझा पलंग आज मोजतेस?”

गाडीची बैठक पलंगापेक्षा कितीतरी खाली होती. आणि गंमत ऐका, ती खाली बसवायच्या आधीसुद्धा खालीच होती. मी उलट्या दिशेने एवढ्या कष्टाने गेले होते. गफूरभाईंना गाठलं. जुन्या स्प्रिंगा त्यांच्याकडे पडून होत्या, त्या त्यांनी मोठ्या दुःखाने परत बसवल्या. माझ्या त्या खरवडून, तोलून, हुंगून निवडलेल्या स्प्रिंगा आणि शॉक एका नवाबजाद्याच्या गाडीत गेले आणि ऐकते की पुढे कैक वर्षं त्यांनी तक्रार केली नाही. जुन्या उंचीवर आणूनही बैठक कमीच पडत होती. आता मागे कमानपट्ट्यात एक जास्तीचा पट्टा घालावा का, तो कुठून आणावा, कोणत्या पोलादाचा, असं मी जेवताना बाबांना सांगत होते. आई वाढत होती.

“पिंजाऱ्याला हाक मार,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पिंजारी तार वाजवत गल्लीतून गेला तेव्हा तिनेच खिडकीतून त्याला थांबवलं. बाबांच्या जुन्या गादीचा कापूस पिंजून घेतला, आणि मागच्या सीटच्या मापाची गादी भरायला लावली. दाबून, आणखी दाबून, हाताला लाकडासारखी लागेपर्यंत. पिंजारी म्हणाला, अम्मा, यावर झोप येणार नाही. आई म्हणाली, झोपायचंय कुणाला? मी तिथे उभी राहून बघत होते आणि मासिकातला एकही शब्द मला उपयोगाचा आठवत नव्हता. गादी सीटवर घातली आणि टेप लावली. पलंगाइतकी.

रथसप्तमीला ऊन कडक होतं. आईने तीच नारायणपेठी नेसली. दारात ती पाठमोरी झाली, गादीवर टेकली आणि एक एक पाय हातांनी उचलून आत घेतला. वेळ लागला, पण कुणाला हात लावू दिला नाही. वाटेभर दोन्ही तळवे गादीवर टेकवून बसली. बाबा या खेपेला पुढे माझ्या शेजारी बसले होते आणि धरायला पट्टा नव्हता म्हणून स्वतःचाच गुडघा धरून. इंदूमावशीच्या गल्लीत मी गाडी फरशीला लावली. दार पूर्ण उघडलं. आत बायकांचे आवाज येत होते, बाहेर कुणी नव्हतं. इंदूमावशीने मुद्दाम कुणाला येऊ दिलं नसावं. आईने पाय बाहेर काढले, जमिनीवर रोवले. गादीच्या कडेपर्यंत सरकली. चौकट धरली. मी धावत जाऊन तिच्यापुढे दोन्ही हात पसरून उभी राहिले. तिने दात आवळले आणि वर आली, हळू, फार हळू, आणि मग उभी होती.

तिने पदर डोक्यावरून नीट घेतला. मी अजून तशीच हात पसरून उभी.

“सर गं बाजूला,” आई म्हणाली. “वाटेत काय उभी आहेस.”

मी सरले.